‘लाझारस’चे पहिले दोन भाग : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या ऑगस्टमध्ये घेतलेल्या ‘लाझारस’च्या पहिल्या भागाची सोळा पाने मे महिन्यात माझ्या हातात सुटून आली, म्हणून हे लिहीत आहे. ग्रेग रुका आणि मायकेल लार्क यांच्या २०१३ पासूनच्या या कॉमिकमध्ये जग वाटून घेणारी घराणीही सोळाच आहेत. पण या योगायोगाचे कौतुक वाटण्याच्या मनःस्थितीत मी तेव्हा नव्हतो.

दोन भागांना साडेअठराशे रुपये मोजले होते. ऑनलाइन विक्रेत्याला छायाचित्रांसह पाच मेल पाठवले, तेव्हा परतीची मुदत संपल्याचे उत्तर दुसऱ्याच कोणा ग्राहकाच्या नावाने आले. पुढे लक्षात आले की पुस्तके मीच पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवली होती, आणि जळगावात पारा पंचेचाळीसवर गेल्यावर पुठ्ठ्याच्या कण्यातला गोंद टिकणे अवघडच होते. त्यामुळे विक्रेत्याला मनात दिलेल्या शिव्यांपैकी निम्म्या मागे घेतो. उरलेल्या त्या चुकीच्या नावासाठी राहू देतो.

बांधणीवाल्याने पाने चाळून स्पष्ट सांगितले, “भाऊ, शिलाई मारी देसू, पन मधलं चित्र दबी जाई.” तसेच झाले. ऐंशी रुपयांत पुस्तक भक्कम झाले, परंतु दोन पानांवर पसरलेल्या चित्रांचा मधला बोटभर भाग शिवणीत गेला. लार्कच्या गडद छायांत आधीच माणसे शोधावी लागतात, त्यात आता अर्धा चेहरा कायमचा बुजला, ही खंत मला कथेतील कोणत्याही उणिवेपेक्षा जास्त आहे.

मात्र सुटी पाने क्रमाने लावताना माझे मत बदलले. पहिल्या वाचनात गोळ्या झेलून पुन्हा उठणारी, या सोळांपैकी कार्लाइल घराण्याची रक्षक फॉरेव्हर आणि तिची तलवार एवढेच मनात राहिले होते, आणि संवाद मला संथ वाटले होते. या वेळी शेतीकेंद्रावरील हल्ल्यानंतर इतरांना वाचवण्यासाठी खोटा गुन्हा कबूल करणाऱ्या वृद्धाच्या पानावर हात थांबला. कार्लाइल घराण्याचे सामर्थ्य बियाण्यांवरही उभे आहे, हे तेव्हा नीट जाणवले. आमचे आजोबा घरची सरकी शेणात चोळून पेरत. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाल्यानंतर आमच्याकडेही संकरित वाण आला आणि घरचे बी ठेवण्यात अर्थ उरला नाही, म्हणून दर हंगामात पाकीट विकत आणावे लागते. पुरात घर गमावून घराण्याच्या सेवेत निवड होण्याच्या आशेने डेन्व्हरकडे पायी निघालेले दुसऱ्या भागातील बॅरेट कुटुंब मी आता फॉरेव्हरपेक्षा अधिक वेळा वाचतो; उपयोगाच्या माणसांना ‘सर्फ’ आणि बाकीच्यांना ‘वेस्ट’ म्हणणारी ती व्यवस्था त्यांच्याच पायपिटीतून सर्वांत स्पष्ट दिसते.

तिसरा भाग घेणार आहे, परंतु मृगाचा पाऊस पडून हवा निवल्यावरच, आणि तो माळ्यावर न ठेवता गोदरेजच्या कपाटात, साड्यांच्या खालच्या कप्प्यात ठेवण्याची परवानगी घरातून मिळाली तर.