विलीज जीपसाठी '१९ नंबर'चा वायरलेस संच : इंजीन चालू ठेवून घेतलेली परीक्षा

माझ्या १९४३ सालच्या विलीज जीपचे पत्राकाम, रंग आणि इंजीन मार्गी लागल्यावर तिच्यात शोभेल आणि प्रत्यक्ष चालेल असा वायरलेस संच शोधण्यात जवळजवळ एक वर्ष गेले. शेवटी मी दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्य वापरत असलेला 'वायरलेस सेट नंबर १९', मार्क ३, हा निवडला.

जीपची मूळ वीजव्यवस्था ६ व्होल्टची आहे आणि या संचाला किमान १२ व्होल्ट लागतात. त्यामुळे ६ व्होल्टवरही चालणारा अमेरिकी बीसी-६५९ घ्यावा, असा सल्ला मला मिळाला होता. तो जीपला अधिक साजेसा आहे, हे मान्य आहे. परंतु तो २७ ते ३८.९ मेगाहर्ट्झमध्ये, आत बसवलेल्या क्रिस्टलने ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवरच एफएमवर बोलतो, आणि जवळ तसाच दुसरा संच नसेल तर मुकाच राहतो. १९ नंबरचा मुख्य भाग २ ते ८ मेगाहर्ट्झ ऐकतो. त्यात ४१ मीटरच्या लघुलहरी पट्ट्यातली प्रसारण केंद्रे येतात, आणि ७ मेगाहर्ट्झवरील हौशी ऑपरेटरांचे संभाषणही 'हेट टोन' हे सूर जुळवणारे बटण सावकाश फिरवल्यास समजण्याइतके स्पष्ट होते. म्हणून मी मागच्या बाजूला ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून संचाला दिल्या आणि जीपच्या वायरिंगला हात लावला नाही.

'चालू' या शब्दावर विश्वास ठेवून मी पहिली चूक केली. बाहेरगावच्या विक्रेत्याने संच टेबलावर, घरच्या वीजपुरवठ्यावर वाजवून दाखवला होता. नाशिकला आणून जीपमध्ये बसवला आणि इंजीन सुरू केले, तेव्हा फक्त कडकड ऐकू आली. त्यातला अर्धा दोष जीपचा होता. प्लगच्या ठिणग्या लघुलहरींवर थेट उमटतात, आणि युद्धकाळात असा गोंगाट दाबलेल्या अमेरिकी गाड्यांच्या नोंदणी क्रमांकाच्या शेवटी 'एस' हे अक्षर रंगवत, ते याचसाठी. ठिणग्यांचा गोंगाट दाबणारे सप्रेसर बसवले, बॉनेट आणि बॉडी तांब्याच्या विणलेल्या पट्टीने जोडली, तेव्हा आवाज पुष्कळ उतरला.

उरलेला दोष संचातला होता. देवळाली कॅम्पजवळ राहणाऱ्या, वायरलेसच्या कामात आयुष्य घालवलेल्या एका निवृत्त मेकॅनिक काकांनी गळके कागदी कंडेन्सर आणि तुकडे पडू लागलेल्या रबरी वायरी बदलल्या. मात्र वरून दिसणारे काहीही त्यांनी बदलू दिले नाही. त्यांच्या कामाबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे. सुमारे २३५ मेगाहर्ट्झचा 'बी' भाग, म्हणजे संचातला जवळच्या अंतरावर बोलण्याचा दुसरा भाग, मी तसाच सोडला.

असा संच घेणाऱ्यांनी व्हेरिओमीटर (एरियल संचाशी जुळवणारा डबा), ६ आणि १२ पिनच्या दोन्ही केबली आणि मूळ हेडफोन-माइक सोबत आहेत का, हे आधी पाहावे; माझ्या संचाबरोबर व्हेरिओमीटर नव्हता आणि तो मिळेपर्यंत एरियल नीट जुळलीच नाही. झाकण उघडून काम करताना प्रसारणाच्या ८०७ व्हॉल्व्हला सुमारे ५०० व्होल्ट मिळतात, हे विसरू नये. माझ्याकडे हौशी रेडिओचा परवाना नाही, त्यामुळे मी प्रसारणाचा भाग बंदच ठेवला आहे आणि रविवारी सकाळी गंगापूर धरणाच्या रस्त्याला जीप उभी करून फक्त ऐकतो.