अंगणवालं पाळणाघर की बागेत नेणारं?

आमच्या सोसायटीत या महिन्यात तिसऱ्यांदा हा प्रश्न आला, म्हणून एकदाच लिहून टाकतो. फी, वेळा, कॅमेरे, मावश्या किती, हे सगळं तुम्ही विचारून आला असालच. त्यात दोन्हीकडे एकोणीस-वीसचा फरक.

खरा फरक बाहेर खेळण्याचा. पुण्यात आमच्या कोथरूडकडे एक तऱ्हा म्हणजे जुन्या बंगल्यातलं पाळणाघर, ज्याच्या मागे मातीचं अंगण उरलेलं असतं. दुसरी म्हणजे इमारतीतल्या पहिल्या मजल्यावरचं. तिथे अंगण नाही, पण आठवड्यातून तीनदा बाग आणि महिन्यातून एक सहल. आमची लेक अडीच वर्षांची असताना जून ते डिसेंबर या दुसऱ्या प्रकारात होती. जानेवारीत अंगणवाल्याकडे गेली, त्याला आता वर्ष झालं.

सहलवाल्यांची बाजू लंगडी नाही, हे आधी सांगतो. त्या सहा-सात महिन्यांत तिने पेशवे पार्कातली फुलराणी पाहिली (१९५६ पासून धावतेय, तिच्या आजोबांनाही ती आठवते), एम्प्रेस गार्डनमधले हत्तीच्या सोंडेएवढे जाड वेल पाहिले, मंडईत कोथिंबिरीची जुडी स्वतः विकत घेतली. अग्निशमन केंद्रातून आली तेव्हा म्हणाली, ‘बाबा, भोंगा माझ्या पोटात वाजला.’ हे अंगणात मिळत नाही. एकदा कात्रजची सहल बुधवारी ठरली होती. प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं हे एका आजींच्या लक्षात आलं, म्हणून वाचलो. पण ते सोडा.

माझं मत फिरवलं ते बुटांनी.

नोव्हेंबरात एक दिवस सुट्टी काढून मी पालक म्हणून बागेत सोबतीला गेलो. चौदा मुलं, दोन ताई, एक मावशी आणि मी. सव्वानऊला ‘चला, बूट घाला’ झालं. आधी सगळ्यांची शू. मग मोजे. मग बूट. एकाचा डावा उजव्यात, एकीला मोज्याची शिवण टोचते, एकाला आईनेच घालायला हवेत. चौदावा तयार होईपर्यंत पहिल्याने चिकटपट्टी कर्रकन ओढून बूट काढलेला, कारण तो आवाज त्याला फार आवडतो. निघालो तेव्हा दहाला दहा कमी. गाठी मारलेली दोरी धरून, एक गल्ली ओलांडून, पाच मिनिटांच्या रस्त्याला वीस मिनिटं लागली. आता, महापालिकेच्या बऱ्याच बागा सकाळी दहा-अकराच्या सुमारास बंद होतात त्या थेट दुपारी चारला उघडतात. पावणेअकराला शिट्टी वाजली. लेकीच्या वाट्याला तीनदा घसरगुंडी आली आणि उरलेला वेळ ती कठड्यावर बसून बुटातली वाळू झटकत होती. परत येऊन बूट काढेपर्यंत सव्वाअकरा. दोन तास खर्ची पडले आणि खेळ जेमतेम अर्धा तास.

ताईंना दोष देत नाही. लोकांची मुलं रस्त्यावरून न्यायची तर मीही असंच केलं असतं. म्हणूनच एक ताई रजेवर असली की सकाळी निरोप यायचा, ‘आज बाग नाही.’ ऑगस्टमध्ये तर तो रोजचाच झाला होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलं की तीन-चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून १८० मिनिटं हालचाल व्हावी, त्यातली ६० तरी चांगली दमवणारी. मी काही घड्याळ लावून मूल वाढवणारा बाप नाही, पण तो अर्धा तास डोक्यातून जाईना.

अंगणवाल्याकडे दाखवण्यासारखं फारसं काही नाही. आंब्याचं झाड, वाळूचा हौद, एक नळ, टायरचा झोपाळा. दार उघडलं की मुलं बाहेर, अनवाणी. डबा खाऊन झाला की पुन्हा बाहेर. आणि एक गोष्ट मला फार उशिरा कळली. बागेत मूल काही खणू शकत नाही, सगळं सार्वजनिक. इथे लेकीने आंब्याच्या बुंध्याशी चमच्याने खड्डा खणला, दुसऱ्या दिवशी तो तिथेच होता. मग त्यात पाणी, मग मुंग्या बघणं, मग ‘माझी विहीर’. तीन आठवडे ती विहीर चालली.

हा विचार काही नवा नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला आदिवासी मुलांसाठी काम सुरू केलं आणि शाळाच पाड्यावर, घरांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द आज सरकारी योजनेमुळे सगळ्यांच्या तोंडी आहे, त्यातलं अंगण मात्र शहरात गळून पडलं.

कटकटी अंगणातही आहेत. आमच्या वॉशिंग मशीनमध्ये कायम वाळू असते. पावसाळ्यात कपड्यांचा चिखल जात नाही, आणि डासांची धास्ती वेगळीच. म्हणून अंगण बघायला जानेवारीत जाऊ नका, जुलैत जा. टबातलं पाणी रोज उपसतात का, उन्हाळ्यात अकरा वाजता सावली कुठे पडते, आणि त्या अंगणात स्कूटर लावतात का, हे बघा. सहलवाल्यांना ‘आठवड्यातून किती वेळा’ असं विचारू नका, ‘परवा मुलं बागेत किती वेळ होती’ असं विचारा.

तुम्हा दोघांनाही रविवारी काम असेल तर कदाचित सहलवालंच बरं पडेल. घराबाहेरचं जग कुणीतरी दाखवायला हवंच. शिवाय दोरी धरून चालणारी मुलं रस्त्याच्या कडेला आपोआप थांबतात, आमची अजून हाताला हिसडा देते. आमचा रविवार मोकळा असतो, तेव्हा पीएमपीची बस पकडून सारसबाग, तळ्यातला गणपती, भेळ. एका मुलीला बूट घालायला दोन माणसं असूनही चार मिनिटं लागतातच.

ते बूट जूनमध्ये घेतले होते. आता बोटांना लागतात, तळवा मात्र जवळजवळ कोरा. कुणाचं मूल बागेत नेणाऱ्या पाळणाघरात जाणार असेल तर घेऊन जा. चिकटपट्टीचा आवाजही छान येतो.