४० रुपयांच्या कामाचे मी १,८५,००० मोजले

हसायचं असेल तर हसा, पण ज्यांचं पोरगं एसएसबीतून (सैन्यात अधिकारी निवडायची मुलाखत) रेकमेंड होऊन मेडिकलला अडकलंय त्यांनी शेवटपर्यंत वाचा. मी सरकारी नोकरीत लेखा विभागात आहे. एकवीस वर्षं दुसऱ्यांची बिलं तपासतोय. तारखेत खाडाखोड दिसली तरी व्हाउचर परत पाठवतो. तो माणूस फसला.

मुलाची एनडीएची, म्हणजे सैनिकी प्रबोधिनीची, ही शेवटची संधी, पुढच्या वेळी वयात बसत नव्हता. भोपाळला पाच दिवस काढून रेकमेंड झाला, आम्ही पेढे वाटले, आणि ४ ऑगस्टला मेडिकल बोर्डानं अनफिट केलं. उजव्या डोळ्याचा नंबर उणे २.७५. आर्मीची मर्यादा उणे २.५. पाव नंबर!

दुसऱ्याच दिवशी फोन. "काका, चेस्ट नंबर सतराचे वडील ना? डोळ्यांचं वेव्हर, म्हणजे सूट, होऊन जाईल." एसएसबीत छातीवर लावायचा तो नंबर माहीत आहे म्हणजे माणूस आतलाच, असं मला वाटलं. कुणालाही वाटलं असतं. नंतर कळलं, पोरांनी स्वतःच टेलिग्राम ग्रुपवर चेस्ट नंबर, निकाल, डोळ्यांचा नंबर, सगळं टाकलं होतं. पोरांना सांगा, टाकू नका.

५ ऑगस्टला "फाईल उघडायला" २५,०००. ९ तारखेला ६०,०००. मग १८ तारखेला व्हॉट्सॲपवर पत्र आलं: अशोकस्तंभ, गोल शिक्का, 'व्हिजन वेव्हर ग्रँटेड'. त्याच संध्याकाळी मी "साहेबांसाठी" १,००,००० पाठवले. पैसे गेले ते कुठल्याशा मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानाच्या नावावर. तेही स्क्रीनवर दिसत होतं.

पण खरी लाज पत्राची वाटते. खाली तारीख होती १५ ऑगस्ट. लाल किल्ल्यावर ध्वजवंदन चालू असताना दिल्लीत कोण बाबू शिक्के मारत बसला होता? रोज तारखा बघणाऱ्या माझ्या डोळ्यांना ती दिसली नाही. दिसली असेल, मी बघितली नाही. बायकोनं मात्र पुढची मागणी ऐकून एका वाक्यात निकाल लावला. तो "१८ टक्के जीएसटीचे" ३३,३०० मागत होता. ती म्हणाली, "अहो, असल्या पैशावर जीएसटी कधीपासून लागायला लागला?"

वेव्हर हा प्रकार अमेरिकेत आहे. तिथं एखाद्या मुलाला मेडिकलला नापास केलं तरी ते ते सैन्यदल सूट द्यायची की नाही ते ठरवतं. आपल्याकडे एनडीएच्या डोळ्यांच्या निकषात सूट नाही. आहे ते अपील, ४२ दिवसांत, अपील मेडिकल बोर्डाकडे. सरकारी भरणा ४० रुपये. बोर्डानं मुलाला हे समजावून त्याची सही घेतली होती. तो कागद त्याच्या बॅगेत होता आणि मी "पुढच्या आठवड्यात नक्की" ऐकत १५ सप्टेंबर घालवला.

त्यानंतर ड्रॉप टाकून खासगी तपासणी केली. उणे २.२५! डॉक्टर म्हणाले, अभ्यासानं स्नायू आखडले की नंबर जास्त दिसतो. म्हणजे अपिलात पोरगं बसलं असतं कदाचित. हे वाक्य मी रात्री दोन वाजता स्वतःला ऐकवतो.

त्या फोनवाल्यानं डोळ्यांचं लेझर ऑपरेशनही सुचवलं होतं, "कुणाला कळत नाही" म्हणून. बरं झालं, केलं नाही. बोर्डावरच्या डॉक्टरांना कळतं. एनडीएला लेझर चालतच नाही. सीडीएसला, म्हणजे पदवीनंतरच्या अधिकारी भरतीला, चालतं, पण ऑपरेशनच्या वेळी वय २० च्या वर हवं, नंतर १२ महिने जायला हवेत, आणि बाकी मोजमापं वेगळी.

तक्रारीची कथा तर वेगळीच. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तेव्हा पैसे कधीच पुढे सरकले होते. पहिल्या तासाभरात करायचा असतो तो फोन. बँक म्हणाली, व्यवहार तुम्हीच केलात, ओटीपी चोरीला गेलेला नाही. पोलीस ठाण्यात तीन फेऱ्या. पहिल्यांदा साहेब बंदोबस्तात. दुसऱ्यांदा अर्ज सायबरला द्या. सायबर म्हणालं, हद्दीच्या ठाण्यात द्या. तिसऱ्यांदा साहेब भेटले आणि खुर्चीत मागं रेलून म्हणाले, "चारशेवीसचं कलम आता तीनशे अठरा झालंय, ते लावू. पण २०१८ पासून लाच देणाराही आरोपी असतो, माहितीये ना? तुमचंही नाव येईल." अहो, मी फी म्हणून दिले होते! निदान पहिले ८५,००० तरी. चोर मोकळा, आणि दम मला. अर्जावर पोच मागितली तर स्टॅम्पपॅड वाळलंय म्हणाले.

गेल्या आठवड्यात त्याच ठाण्यातून फोन आला. म्हटलं, काहीतरी हाती लागलं. हवालदार हळू आवाजात विचारत होते, "साहेब, आमच्या धाकट्याला एनडीएला टाकायचंय. चष्मा आहे हो त्याला. काही करता येतं का?"

मी आधी नंबर विचारला.