हवेचा टँक, फ्रेमचा टँक की पक्का हौद?

उन्हाळ्यात मुलांना डुंबायला घरी मांडायच्या दहा फूट व्यासाच्या टँकमध्ये दोन फूट पाणी भरलं की ते साधारण ४,४०० लिटर होतं, म्हणजे जवळपास साडेचार टन. खरेदीला निघालेली मंडळी खोक्यावरचं हसऱ्या मुलांचं चित्र आणि किंमत बघतात. पण कुठला टँक घ्यायचा हे निम्म्याहून जास्त ठरतं ते जागेवर आणि पाण्यावर. म्हणून आधी जागा बघू.

गच्चीचा विचार डोक्यातून काढून टाका. घराच्या वावरत्या गच्चीसाठी भारतीय मानक आयएस ८७५ प्रमाणे चौरस मीटरला सुमारे १५० किलो भार धरतात. दोन फूट पाण्याचे होतात ६०० किलो, म्हणजे चौपट. ‘पाण्याची टाकी असतेच की गच्चीवर’ असं घरातलं कुणीतरी म्हणतंच. ती टाकी तिच्या वजनाचा हिशोब करून, कॉलम-बीमचा आधार बघून बसवलेली असते. तुमच्या इमारतीचा हिशोब तपासून स्ट्रक्चरल इंजिनिअरनं लिहून दिलं तरच गच्ची, नाहीतर जमीन.

जमिनीतही काळी माती असेल तर तिच्यावर थेट टँक मांडू नये. ती पाण्यानं फुगते, वाळली की भेगाळते, आणि एक बाजू खचली की सगळं पाणी तिकडे झुकतं. वरची माती काढून मुरूम टाकायचा, पाणी मारून ठोकून घट्ट बसवायचा, वर चाळलेल्या रेतीचा पातळ थर द्यायचा. गवंड्याकडची लेव्हल ट्यूब लावून बघा, या टोकापासून त्या टोकापर्यंत इंचापेक्षा जास्त फरक नको. आणि लव्हाळा! हिरवळीत लव्हाळा असेल तर गाठींसकट खणून काढा. त्याचे कोंब इतके अणकुचीदार असतात की ताडपत्री आणि टँकचा तळ दोन्ही भेदून वर येतात. नुसतं गवत कापून वर टँक मांडला, की काही दिवसांनी तळाला बारीक भोकं दिसतात आणि गळती कुठून होतेय ते कळत नाही.

आता टँक. इंटेक्स आणि बेस्टवे या दोन्ही कंपन्यांचे हवेचे आणि फ्रेमचे असे दोन्ही प्रकार आपल्याकडे मिळतात, त्यामुळे नावापेक्षा प्रकार महत्त्वाचा.

हवेच्या टँकला वरती फक्त एक फुगवायची कडी असते. पाणी चढत जातं तशी ती वर उचलली जाते आणि भिंती उभ्या राहतात. स्वस्त, अर्ध्या तासात मांडून होणारा, गुंडाळला की माळ्यावर मावणारा. दुखणं त्या कडीतच आहे. सकाळी टम्म फुगवलेली कडी एप्रिलच्या दुपारी आतली हवा तापून ताणते आणि शिवणीतून उसवू शकते; म्हणून ती थोडी मऊच ठेवायची. उतारावर हा टँक सगळ्यात आधी हार मानतो. खालच्या बाजूची कडी दबते आणि पाणी तिथून बाहेर पडतं. मोठ्यांनी कडीवर बसायचं नाही, हे प्रत्येक पाहुण्याला सांगावं लागतं. मुलं पाच वर्षांच्या आतली असतील आणि एक-दोन उन्हाळ्यांचीच हौस असेल, तर मात्र याहून जास्त पैसे घालण्यात अर्थ नाही.

फ्रेमच्या टँकला लोखंडी पाइपांचा सांगाडा असतो आणि त्यात जाड, मधे जाळीचा थर असलेलं पीव्हीसी कापड अडकवलेलं असतं. लहान चौकोनी नमुना सात फूट बाय पाच फुटांचा, त्यात साधारण १,६०० लिटर पाणी बसतं. गोल नमुन्यांत दहा फुटी आणि बारा फुटी कुटुंबाला सोयीचे; बारा फुटीत साडेसहा हजार लिटरच्या आसपास पाणी लागतं. त्यापुढचा पंधरा फुटी, चार फूट उंचीचा टँक दिसायला झकास, पण त्यात सोळा-सतरा हजार लिटर पाणी जातं. दहा हजार लिटरचा टँकर मागवणाऱ्या सोसायटीत राहत असाल तर पुढचा हिशोब सांगायला नको. शिवाय त्यात साडेतीन फूट पाणी राहतं, म्हणजे चार वर्षांचं मूल पूर्ण बुडेल इतकं. लहान मुलं असताना उंच टँक घेणं मला पटत नाही. बारा फुटांत मोठ्या माणसाचं पोहणं काही होत नाही, दोन हात मारले की भिंत आली. डुंबायला मात्र उत्तम. खरं पोहणं शिकवायचं असेल तर महापालिकेच्या टँकवर शिकवणी लावा.

फ्रेमला जपायचं ते गंजापासून. पाइप जिथे एकमेकांत बसतात ते सांधे आणि तिथल्या खिळ्या आधी गंजतात, कोकणात खाऱ्या हवेनं जास्तच. काढून ठेवताना सांधे पुसून ग्रीस लावलं तर सांगाडा पुढच्या वर्षी सुटा होतो, नाहीतर हातोडी घ्यावी लागते.

तिसरा पर्याय विटा-सिमेंटचा हौद. जमिनीच्या वर, तीन फुटी भिंती, आतून वॉटरप्रूफिंग आणि टाइल्स, तळाशी निचऱ्याचा पाइप. खर्च सगळ्यात जास्त आणि एकदा बांधला की हलत नाही. पण शेतावरचं घर असेल, विहिरीचं पाणी मुबलक असेल आणि हौदातलं पाणी पुढे नारळा-आंब्याला सोडता येत असेल, तर दहा वर्षांच्या हिशोबात हाच परवडतो. निचऱ्याचा पाइप बागेच्या पाटाकडे काढा, उलट्या बाजूला काढला की बादल्या वाहाव्या लागतात. झाडांना पाणी सोडण्याआधी तीन-चार दिवस क्लोरीन घालू नका; ऊन ते उडवून टाकतं.

शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद आणून खड्ड्यात अंथरायची कल्पनाही निघते. ती नको. ओल्या कागदावर शेवाळ धरतं, उताराला पाय टिकत नाही, आणि शेततळ्यात पडलेल्या चांगल्या पोहणाऱ्यालाही बाहेर येता येत नाही. दरवर्षी अशा बातम्या वाचतोच आपण.

पाणी राखणं

खरेदीत कुणी बोलत नाही ते हे. टँक कुठलाही असो, पाणी न राखता ठेवलं तर चार-पाच दिवसांत हिरवं होतं आणि मग ओतून द्यावं लागतं. दर आठवड्याला साडेचार हजार लिटर ओतायचे, की रोज दहा मिनिटं द्यायची, हा खरा प्रश्न. ज्यांना रोज दहा मिनिटं जमणार नाहीत त्यांनी १,६०० लिटरचा चौकोनी टँक घ्यावा आणि पाणी झाडांना घालत राहावं.

क्लोरीन लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम आणि पीएच, म्हणजे पाणी आम्लाकडे की अल्काकडे झुकतंय ते सांगणारा आकडा, ७.२ ते ७.६, एवढं सांभाळलं की झालं. तपासायच्या पट्ट्या मिळतात. ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल पावडर, म्हणजे चुन्यात क्लोरीन मुरवलेली ब्लीचिंग पावडर, सगळ्यात स्वस्त. ताजी असेल तर तिच्यात तेहतीस टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं, म्हणजे दहा फुटी टँकला एका वेळी २५ ते ३० ग्रॅम. ती थेट टाकायची नाही. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळ तेवढी ओतायची. तळाचा गाळ गेला तर पाणी दुधाळ होतं. उघडी राहिलेली पावडर जोर गमावते, त्यामुळे मोठी गोणी घेऊ नका. हे क्लोरीन भर उन्हात काही तासांत संपतं, म्हणून डोस सूर्य मावळल्यावर द्यायचा.

टीसीसीए या दुसऱ्या क्लोरीनयुक्त रसायनाच्या गोळ्या तरंगत्या डब्यात ठेवता येतात, हळूहळू विरघळतात आणि उन्हात टिकतात. काम कमी, किंमत जास्त. त्यांनी पीएच उतरतो, टीसीएलनं चढतो. ही दोन्ही कोरडी रसायनं एका डब्यात, एका चमच्यानं कधीही एकत्र करू नका. आग लागू शकते, स्फोटही होऊ शकतो. बाथरूम धुवायचं अॅसिडही या दोन्हींपासून लांब.

टँकला क्लोरीनचा उग्र वास यायला लागला की लोक क्लोरीन बंद करतात. बहुतेक वेळा दुखणं उलटं असतं. घाम आणि मुलांची शू क्लोरीनशी मिळून तो वास तयार होतो, आणि उपाय म्हणजे त्या रात्री जास्त क्लोरीन घालून ते खाली येईपर्यंत कुणाला पाण्यात न सोडणं. आत जाण्याआधी नळाखाली अंघोळ आणि पाय धुणं सक्तीचं करा, निम्मं काम तिथेच होतं.

बोअरच्या पाण्यात लोह असेल तर क्लोरीन घातल्यावर पाणी चहासारखं होतं. घाबरू नका, फिल्टर चालू ठेवा, कागदी कार्ट्रिज रोज धुवा, एक-दोन दिवसांत निवळतं. कार्ट्रिजचे दोन संच असावेत, एक वाळत आणि एक कामावर. लहान टँकसोबतची फिल्टरची मोटर तासाला हजार-बाराशे लिटर फिरवते. रोज चार तास पुरते. फिल्टर क्षार मात्र काढत नाही. देशावर एप्रिल-मेत दिवसाला आठ-दहा मिलिमीटर पाणी उडतं, म्हणजे दहा फुटी टँकमधून तीन-चार बादल्या. वरून तेच जड पाणी भरत गेलं की काठावर पांढरा थर चढतो. अधूनमधून चौथाई पाणी बदलणं हाच त्यावर उपाय.

मोटरची तार पाण्यापासून लांब, आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच. इथे काटकसर नको.

मुलांच्या बाबतीत एकच नियम: पाण्यात मूल असताना एका मोठ्या माणसाचं काम फक्त बघणं, हातात मोबाइल नाही. बुडणारं मूल बहुधा ओरडत नाही. डुंबून झालं की शिडी काढून घरात ठेवायची, आणि खुर्ची किंवा मोटरचं खोकं टँकला टेकवून ठेवायचं नाही, मुलं त्यावर चढतात. हौदाला शिडी काढायची सोय नसते, म्हणून त्याला कुलपाचं फाटक लागतंच.

माझं मत विचाराल तर बहुतेक कुटुंबांना दहा फुटी फ्रेमचा टँक पुरतो. होळी झाल्यावर मांडायचा, रंगपंचमी त्यात खेळायची नाही, आणि मृगाच्या आधी काढायचा. पावसात तो तसाच ठेवून वर ताडपत्री टाकली तर तिच्या खोलगटात साठलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डेंगीचे डास तयार होतात. हौद असेल तर पावसाळ्यात क्लोरीन बंद करून गप्पी मासे सोडा, महापालिकेच्या मलेरिया विभागाकडे विचारून बघा. टँकचं कापड सावलीत दोन्ही बाजूंनी खडखडीत वाळवून, टाल्कम पावडर भुरभुरून सैल गुंडाळा आणि झाकणाच्या ड्रममध्ये ठेवा, कारण माळ्यावर उघडं ठेवलेलं कापड उंदीर घडीघडीवर कुरतडतात आणि एकाच जागेचं भोक उलगडल्यावर दहा ठिकाणी निघतं.