भोसरीतील जुन्या मोटारींची कार्यशाळा : १९६६ च्या मस्टँगची प्रदर्शनपूर्व तयारी

मोटार चकचकीत करून देणारी दुकाने पुण्यात आता गल्लोगल्ली झाली आहेत. परंतु साठ वर्षांच्या मोटारीच्या कोणत्या भागाला हात लावायचा नाही, हे आधी ठरवून मग कामाला लागणारे कारागीर शोधावे लागतात. भोसरी औद्योगिक वसाहतीतील ज्या लहानशा कार्यशाळेविषयी मी लिहीत आहे, तेथील मुख्य मिस्त्री या दुर्मिळ जातीचे आहेत, आणि म्हणूनच काही ठळक तक्रारी असूनही मी तिची शिफारस करतो.

आमच्या घरातील मोटार १९६६ सालची फोर्ड मस्टँग आहे. २८९ घनइंची, म्हणजे सुमारे ४.७ लिटरचे व्ही-८ इंजिन, त्यावर दोन बॅरलचा ऑटोलाइट कार्बोरेटर आणि कंपनीच्या त्या काळच्या मोजणीनुसार २०० अश्वशक्ती, असा तिचा ऐवज आहे. काटेकोर अभ्यासक मसल कारची (म्हणजे मध्यम आकाराच्या गाडीत मोठे, ताकदवान इंजिन बसवलेल्या अमेरिकी मोटारींची) वंशावळ १९६४ च्या पाँटिॲक जीटीओपासून मोजतात आणि मस्टँगला शेजारच्या पंगतीत बसवतात. मात्र तयारीच्या दृष्टीने दोन्हींचे प्रश्न बहुतांशी एकच आहेत : जुना रंग, जुना क्रोम, गळके सील आणि जवळून पाहणारे प्रेक्षक.

यांतला सर्वांत नाजूक प्रश्न रंगाचा. आजच्या मोटारींवर रंगाच्या थरावर पारदर्शक क्लिअर कोट असतो. त्या काळच्या फोर्डच्या एनॅमल रंगावर तो नसतो, त्यामुळे पॉलिशच्या पॅडवर उतरतो तो प्रत्यक्ष रंगच. लाल मोटारीला कंपाउंड (रंग घासून चकाकी आणणारी पेस्ट) मारताना पॅड लाल होत जाते, आणि हे ज्याला ठाऊक नाही तो उत्साहाच्या भरात कडांवरचा रंग अस्तरापर्यंत घासून टाकतो. येथे काम सुरू करण्यापूर्वी जाडी मोजण्याच्या यंत्राने प्रत्येक पत्र्यावरचे माप घेण्यात आले. बहुतेक ठिकाणी ते १०० ते १३० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) दरम्यान होते. उजव्या मागच्या बाजूला मात्र ५०० च्या पुढे गेले, म्हणजे तेथे कोणे एके काळी पत्रा ठोकून लांबी (पुट्टी) भरली होती. मिस्त्रींनी तो भाग खोलून नव्याने करण्याचा आग्रह धरला नाही. "हा भाग धरून आहे, भेग नाही; प्रदर्शनासाठी याला छेडू नका," असे त्यांनी स्पष्ट सांगितले. अधिक बिल होऊ शकणारे काम स्वतःहून टाळणारा कारागीर मला तरी फार वेळा भेटलेला नाही.

त्यानंतर फिकट, गुलाबीसर पडलेल्या बोनेटवर तेलकट ग्लेझ लावून ते रात्रभर मुरू दिले, कारण असा कोरडा पडलेला रंग तेल शोषून घेतो आणि त्याची खोली पुष्कळशी घासण्याआधीच परत येते. कडांवर आणि उठावाच्या रेषांवर टेप चिकटवून सौम्य पॉलिश फिरवले आणि शेवटी कार्नोबा मेण लावले. सिरॅमिक कोटिंगबद्दल (रंगावर घट्ट बसणाऱ्या टिकाऊ थराबद्दल) मी विचारले होते, पण त्यांनी नकार दिला. मेण पुन्हा काढता येते, तर सिरॅमिक काढायचे झाल्यास रंग घासावा लागतो आणि या मोटारीवर घासण्याजोगा रंग आता मोजकाच उरला आहे, हे त्यांचे म्हणणे मला पूर्णपणे पटले.

बंपरचा क्रोम आणि खिडक्यांभोवतीच्या पट्ट्या उत्तम झाल्या आहेत, त्यावर अधिक लिहिण्याचे कारण नाही. इंजिनाच्या कप्प्याबद्दल मात्र लिहायलाच हवे. १९६५ च्या मस्टँगमध्ये २८९ इंजिन काळे आणि त्याची वरची झाकणे सोनेरी असत. १९६६ पासून फोर्डने आपली इंजिने निळ्या रंगात रंगवायला सुरुवात केली. आमच्या मोटारीवर पूर्वी कोणीतरी झाकणे सोनेरी करून ठेवली होती. ही विसंगती येथील एका तरुण कारागिराने आपणहून दाखवली आणि योग्य निळा रंग मिळवून ती दुरुस्त केली. सफाईसाठी प्रेशरचे पाणी न मारता डिस्ट्रिब्युटर आणि कार्बोरेटर प्लॅस्टिकने गुंडाळून ब्रशनेच काम केले, हेही योग्य.

मूळ स्वरूप राखण्याला आता नियमांचाही आधार आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार ५० वर्षांहून जुन्या आणि सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे बदल न केलेल्या खासगी दुचाकी-चारचाकींना विंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेत नोंदणी मिळते. अशी मोटार रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कारणांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. म्हणून तयारीच्या नावाखाली नवे भाग बसवून देणाऱ्या दुकानांपासून मालकांनी दूर राहावे, असे मला मनापासून वाटते.

आता तक्रारी. आतील व्हिनाइलची आसने आणि डॅशबोर्ड यांवर येथे सिलिकॉनचा इतका जाड हात मारला होता की उन्हात पुढच्या काचेवर त्याचे प्रतिबिंब पडत होते आणि हात लावल्यास बोटे चिकट होत होती. बाहेरच्या रंगाबाबत इतका संयम दाखवणाऱ्यांनी आतमध्ये असे करावे, याचे वाईट वाटले. घरी आणून सौम्य साबणाच्या पाण्याने ते सर्व पुसून काढावे लागले. दुसरे असे की, माहितीफलकाचा जो मराठी मजकूर त्यांनी तयार करून दिला, त्यात १९६९ च्या मस्टँगची इंजिने घुसली होती. फलक वाचायला मुले थांबतात, तेव्हा त्यावरील एकेक आकडा तपासलेलाच असायला हवा. बिल पाऊण लाखाच्या घरात गेले. कामाच्या मानाने ते रास्त आहे, परंतु साहित्य आणि मजुरी वेगळी मांडून दिलेली नव्हती.

प्रदर्शनाच्या दिवसासाठी त्यांनी दिलेल्या सूचना उपयोगी ठरल्या. टाकीत पेट्रोल कमीत कमी ठेवावे, बॅटरीची ऋण बाजूची तार सोडवावी, अग्निशामक नळकांडे हाताशी असावे आणि इंजिनाखाली ट्रे ठेवावा, कारण या इंजिनाच्या मागच्या बाजूला तेल अडवणारे दोरीचे सील थोडेफार ठिबकतेच. हिवाळ्यात पुण्यात पहाटे दव पडते आणि त्यात बांधकामांची धूळ मिसळते. ती कोरड्या फडक्याने पुसली तर नव्या पॉलिशवर बारीक ओरखडे उठतात. त्यासाठी त्यांनी फवारण्याचे द्रावण आणि मऊ मायक्रोफायबरची फडकी सोबत दिली होती.

येथे मोटार द्यायची असल्यास आतील भागावर सिलिकॉन लावू नये, असे कामाच्या कागदावर लिहून घ्यावे आणि रंगाच्या जाडीची मापे काम सुरू होण्याआधीची व नंतरची, अशी दोन्ही मागून घ्यावीत. विचारल्यावर ती विनातक्रार मिळतात.