कीपासएक्ससी: आठ महिने वापरल्यावर

2019 च्या महापुरात कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत आमच्या घरात पाणी शिरलं आणि पासवर्डची वही भिजली. जेल पेननं लिहिलेलं होतं, पानापानावर निळे डाग तेवढे उरले. उद्यमनगरातल्या छोट्या वर्कशॉपवाल्यांचे हिशेब, जीएसटी, पीएफ अशी कामं मी घरून करते. त्या वहीत माझ्यापेक्षा दुसऱ्यांचेच लॉगिन जास्त. एकेकाला फोन करून, ओटीपी मागून सगळं पुन्हा उभं करायला महिना गेला.

मग ब्राउझरमध्येच सेव्ह करत राहिले. गेल्या दिवाळीत भाचा कॉम्प्युटरवर बसला होता. "आत्या, हे बघ," म्हणत त्यानं सेटिंगमधल्या डोळ्याच्या चिन्हावर क्लिक केलं आणि एका गिऱ्हाइकाच्या बँकेचा पासवर्ड उघडा समोर. विंडोजलाच पासवर्ड लावलेला नव्हता, त्यामुळे मध्ये कुणी अडवलं नाही. माझ्या पोटात गोळा आला. माणसं विश्वासानं देतात हे आपल्याकडे.

त्याच आठवड्यात विंडोजला पासवर्ड लावला आणि कीपासएक्ससी हा पासवर्ड सांभाळणारा प्रोग्राम घेतला. ते फुकट आहे, ओपन सोर्स आहे, कुठं अकाउंट काढावं लागत नाही. सगळे लॉगिन एका केडीबीएक्स फाइलमध्ये कुलूपबंद असतात. ती फाइल आपल्याच मशीनवर राहते आणि एका मुख्य पासवर्डनं उघडते. तो मात्र विसरलात तर कुणीही परत मिळवून देत नाही. मी एकमेकांशी काही संबंध नसलेले पाच मराठी शब्द रोमन अक्षरांत जोडून केलाय. बोटांत बसायला चार दिवस लागले.

जुने पासवर्ड आणताना एका गोष्टीला जपा. ब्राउझर ते सीएसव्ही फाइलमध्ये काढून देतो आणि ती फाइल कुणीही नोटपॅडमध्ये वाचू शकतं. आयात झाल्याबरोबर ती कायमची डिलीट करा, रीसायकल बिनसुद्धा रिकामी करा. ब्राउझरमधले जुनेही पुसून टाका, नाहीतर डोळ्याचं चिन्ह आहे तिथंच.

रिपोर्टमध्ये कच्चे पासवर्ड दाखवणारा हेल्थ चेक आहे, त्यानं माझे डोळे उघडले. अंबाबाई, जोतिबा आणि पुढं एमएच 09 वाल्या गाडीचा नंबर. निम्म्या गिऱ्हाइकांचे पासवर्ड याच साच्यातले, आणि एकच पासवर्ड तीन-तीन ठिकाणी. देवावरची श्रद्धा आपल्या जागी, पण गाडीचा नंबर अख्खं गाव वाचतं. महिनाभर एकेकाला समजावून ते बदलले. एक काका म्हणाले, "वैनी, एवढा लांब पासवर्ड ध्यानात कसा ऱ्हायचा?" ध्यानात ठेवायचाच नाही, हे पटवायला दोन चहा लागले.

रोजच्या कामात कंट्रोल-बीनं युजरनेम कॉपी होतं, कंट्रोल-सीनं पासवर्ड, आणि दहा सेकंदांत क्लिपबोर्ड आपोआप साफ होतो. सुरुवातीला माझी फार घाई व्हायची, आता लय बसलीय. एका बँकेच्या पानावर पेस्ट चालत नाही, तिथं ऑटो-टाइप कामी येतं, म्हणजे प्रोग्रामच पासवर्ड टाइप करतो. सगळ्यात आवडतं ते म्हणजे जुन्या नोंदींचा इतिहास: पोर्टलनं पासवर्ड बदलायला लावला, नवा सेव्ह केला आणि नंतर कळलं की तिकडं बदललाच नव्हता, तर जुना तिथंच सापडतो. हे माझ्याबाबतीत दोनदा झालंय.

अँड्रॉइड मोबाइलवर तीच फाइल कीपासडीएक्स या ॲपमध्ये उघडते, पण ती न्यायची आपण. मी दर शनिवारी केबलनं नेते. दोन्हीकडं वेगवेगळे बदल झाले तर मर्ज करायची सोय आहे. घरात चार-पाच जणांना एकच यादी रोज लागत असेल तर बिटवॉर्डनसारखं ऑनलाइन चालणारं बघा, हे त्यांच्यासाठी नाही.

यंदा पावसाला सुरुवात झाली तशी फाइलची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेतली. मुख्य पासवर्ड कागदावर, बॉलपेननं लिहून वेगळ्या पाकिटात घातला. पेन ड्राइव्ह टेंबलाई टेकडीजवळ बहिणीकडं आहे, पाकीट भावाकडं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांच्या इशारा पातळीकडं निघाली की पहिल्यांदा लेकरं आणि कागदपत्रं वर चढवायची असतात. त्यात आता ती वही नाही.