स्पोर्ट्‌स कारचं किट निवडताना: सेव्हन, कोब्रा, स्पीडस्टर आणि नागपूरचं ऊन

सुट्या भागांचं किट आणून घरी बांधायच्या रेप्लिका (जुन्या गाडीची नक्कल केलेल्या) गाड्यांत तीन आकार सगळ्यात जास्त दिसतात: १९५७ ची लोटस सेव्हन, १९६२ ची एसी-शेल्बी कोब्रा आणि १९५४ ची पोर्श ३५६ स्पीडस्टर. तिन्ही देखण्या आहेत. पण नागपुरात बांधायची तर निवड चेहऱ्यावरून करता येत नाही. ती कागदांवरून, डोनर गाडीवरून (जिचं इंजिन आणि इतर भाग काढून वापरायचे ती जुनी गाडी) आणि मे महिन्यातल्या ४५ अंशांवरून करावी लागते. या तिन्ही कसोट्यांवर आमची पसंती सेव्हनला आहे, आणि तीही आख्खं किट न मागवता.

आधी कागद, कारण इथेच सर्वाधिक पैसा बुडतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच बजावलं. नव्या गाडीच्या नोंदणीसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ खाली पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेची मान्यता लागते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चं उत्सर्जन मानक आहे ते वेगळंच. एका माणसाने गॅरेजमध्ये बांधलेली एक गाडी या चाळणीतून जाणं व्यवहारात शक्य नाही. म्हणून एमएच-३१ किंवा एमएच-४९ ची पाटी मनातून काढून टाका आणि गाडी शेतावर, खासगी जागेत किंवा ट्रेलरवर घालून कोइम्बतूर-चेन्नईच्या ट्रॅकवर चालवायची, असं ठरवूनच सुरुवात करा. डोनर गाडीचा चेसिस नंबर कापून नव्या चेसिसला जोडण्याचा सल्ला कोणी दिला, तर त्या गॅरेजची पायरी पुन्हा चढू नका. तो गुन्हा आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनी तुमचा दावा फेटाळू शकते. डोनर मोडायला घेतलीत की कलम ५५ प्रमाणे १४ दिवसांत आरटीओला कळवून तिची नोंदणी रद्द करून घ्यायची.

दुसरा खड्डा कस्टम्सचा. चेसिस, बॉडी, सस्पेन्शन सगळं एकाच खोक्यात आलं, तर वर्गीकरणाच्या सर्वसाधारण नियमांतल्या नियम २(अ) नुसार सुट्या स्वरूपातली वस्तूही पूर्ण वस्तू मानता येते. म्हणजे तुम्ही ‘पार्ट’ म्हणून मागवलेल्या मालाला ‘मोटारकार’ धरून ड्युटी लागू शकते. माल न्हावाशेवाला उतरो की नागपूरच्या कंटेनर डेपोत, ऑर्डर देण्याआधी कस्टम्स एजंटकडून एचएस कोडसह (मालाच्या वर्गवारीचा क्रमांक) लेखी अंदाज घ्या. तोंडी अंदाज कामाचा नाही.

आता एकेक किट.

कोब्रामध्ये अमेरिकेतल्या फॅक्टरी फाइव्हचं एमके-४ रोडस्टर सर्वात प्रसिद्ध. चेसिसच्या मुख्य नळ्या ४ इंच व्यासाच्या गोल, पावडर कोट केलेल्या, बॉडी फायबरग्लासची, ॲल्युमिनियमचे पत्रे कापून येतात, भोकं तुम्ही पाडायची. चेसिस म्हणून माल उत्तम आहे. पण ‘कम्प्लीट किट’ या नावात इंजिन, गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल, चाकं, टायर आणि रंग येत नाहीत. या गाडीचा जीव फोर्डच्या व्ही-८ मध्ये आहे आणि तो नागपुरात कुठून आणणार? भारतात मस्टँग २०१६ पासून थोड्याच विकल्या गेल्या. त्यातली ठोकलेली एखादी मिळालीच तर ती किंमतीत किटला मागे टाकेल. शिवाय बहुतेक नट-बोल्ट इंचात, आणि इथल्या दुकानांत सहज मिळतो तो मेट्रिक माल. ब्रेकच्या जोडांत हा फरक जिवावर बेततो: ३/८ इंच-२४ चा फ्लेअर नट (ब्रेकची नळी जोडणारा इंची नट) मेट्रिक एम१०×१ च्या भोकात हाताने फिरतो, बसल्यासारखा वाटतो, आणि पाना जोरात लावला की आटे सोलून येतात. कोब्रा ज्याला हवीच आहे त्याने घ्यावी, पण तिचा प्रत्येक सुटा भाग आयुष्यभर परदेशातूनच येणार हे समजून.

स्पीडस्टर थोडक्यात आटोपते. तिची बहुतेक किटं जुन्या फोक्सवॅगन बीटलच्या फ्लोअरपॅनवर (तळाच्या सांगाड्यावर) बसतात. बीटलचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) २४०० मिमी, मूळ ३५६ चा २१०० मिमी. म्हणजे पॅन सुमारे ३०० मिमी कापून पुन्हा जोडावा लागतो. ज्या देशात बीटल गल्लोगल्ली होत्या तिथे ही कल्पना सोन्यासारखी होती. आपल्याकडे असलेली एखादी जुनी बीटल कापणं हे पाप आहे. शिवाय हवेने थंड होणारं इंजिन मागच्या बंद खोक्यात ठेवून मे महिन्यात चालवणं म्हणजे ऑइल उकळायला घालणं. नागपूरसाठी ही बाद.

सेव्हन वेगळी का, ते वजनात कळतं. इंग्लंडची कॅटरहॅम कंपनी १९७३ पासून हा आकार विकते आहे. त्यांनी २०१३ मध्ये आणलेल्या १६० या मॉडेलमध्ये सुझुकीचं ६६० सीसी टर्बो इंजिन, सुझुकीचाच पाच गिअरचा बॉक्स आणि सुझुकीचाच मागचा ॲक्सल होता: ८० बीएचपी आणि वजन सुमारे ४९० किलो. ज्या शहरात सुझुकीचं सामान कोणत्याही मेकॅनिकला डोळे मिटून लागतं, तिथे ही माहिती फार मोलाची आहे. कॅटरहॅमच्या किटमध्ये चेसिसवर ॲल्युमिनियमचा पत्रा आधीच चढवलेला असतो. वेल्डिंग आणि पत्रा चढवणं दोन्ही वाचतं, आणि पहिल्यांदा बांधणाऱ्यालाही ते जमण्यासारखं आहे. एकच बघा: अरुंद एस-३ चेसिसमध्ये रुंद खांद्याचा माणूस आणि रुंद बूट दोन्ही अडतात. एसव्ही चेसिस ११० मिमीने जास्त रुंद आहे, उंच माणसाने तीच घ्यावी. आपल्या अलिबागच्या चिंकारा मोटर्सनेही याच घराण्यातली रोडस्टर १.८ एस इसुझुच्या १.८ लिटर इंजिनावर बांधली होती. म्हणजे हा आकार महाराष्ट्रात बनू शकतो, हे आधीच सिद्ध झालेलं आहे.

तरीही पूर्ण किट आयात करण्यापेक्षा चेसिस इथे बांधून फक्त नाक, मडगार्ड आणि पुढचे अपराइट (चाकाचा हब धरणारे भाग) बाहेरून मागवणं आम्हाला जास्त शहाणपणाचं वाटतं. हिंगणा एमआयडीसीत चौकोनी पाइपचं काम करणारे चांगले फॅब्रिकेटर आहेत. सेव्हन पद्धतीची चेसिस २५×२५ मिमी, १६ गेज म्हणजे १.६ मिमी जाडीच्या पाइपची असते. पाइप घेताना दुकानदाराच्या ‘१६ गेज’ वर विसंबू नका, काट्यावर घाला. ६ मीटरची नळी ७ किलोच्या आसपास भरली पाहिजे. साडेपाच भरली तर ती १.२ मिमीची आहे. ती गेटला चालते, चेसिसला नाही. सपाट टेबलावर सगळे जोड आधी फक्त टाचून घ्या, चौकटीचे कर्ण मोजा, दोन कर्णांत २ मिमीपेक्षा जास्त फरक नको, आणि मगच आलटून पालटून विरुद्ध बाजूंनी पूर्ण वेल्ड मारा. एका कोपऱ्यातून सुरू करून सलग मारत गेलं की तापलेली बाजू आकसते आणि चेसिस केळ्यासारखी वाकते. नंतर ती सरळ होत नाही.

डोनरचा विचार सगळ्यात जास्त वेळ मागतो. मारुती ८०० आणि झेनचं इंजिन आडवं, पुढच्या चाकांना जोडलेलं, म्हणून सेव्हनला निरुपयोगी. उरतात ओम्नी, इको आणि जिप्सी. ओम्नीचं ७९६ सीसी इंजिन फारच किरकोळ. जुन्या इकोचं ११९६ सीसीचं इंजिन ताकदीला पुरतं, पण तिथे चालक इंजिनाच्या वर बसतो, त्यामुळे गिअरचा दांडा लांबून जोडलेला असतो. सेव्हनच्या दोन सीटांमधल्या बोगद्यात ती सगळी जोडणी नव्याने करावी लागते. जिप्सीचं १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्हचं ८० बीएचपी इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने, असतं आणि गिअरचा दांडा थेट बॉक्सवर. ट्रान्सफर केस (ताकद चारही चाकांना वाटणारा गिअरचा डबा) वेगळा असल्याने तो काढून टाकता येतो. पण काढताना दोन गोष्टी बदलतात. पहिली, स्पीडोमीटरची केबल त्याच केसमधून निघते, म्हणून जीपीएसवर चालणारा मीटर लावा. दुसरी, हा केस हाय रेंजमध्येही सुमारे १.४ पटीने गिअर खाली आणतो. तो गेला की इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी तितक्या पटीने जास्त पळते. या हलक्या गाडीला ते फायद्याचंच.

मागचा ॲक्सल मात्र जिप्सीचा घेऊ नका. त्याचा डिफरन्शियल मध्यात नसतो, वजन नाहक जास्त, आणि ५×१३९.७ पीसीडीमुळे (चाकाच्या बोल्टांच्या वर्तुळाचं माप) चाकं जीपचीच बसवावी लागतात. इको किंवा ओम्नीचा ॲक्सल घ्या. गुणोत्तर कागदावरून गृहीत न धरता मोजा: दोन्ही चाकं एकत्र एक पूर्ण फेरा फिरवा आणि प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची ताकद ॲक्सलला नेणारा दांडा) जिथे जोडतो त्या फ्लँजचे फेरे मोजा. डोनरच्या मूळ स्प्रिंगा सरळ भंगारात द्या, त्या व्हॅनभर माणसांच्या वजनासाठी आहेत. त्यांच्या जागी चार लिंक, एक आडवा पॅनहार्ड रॉड (ॲक्सल बाजूला सरकू न देणारा) आणि कॉइलओव्हर (भोवती स्प्रिंग असलेले) शॉकॲब्सॉर्बर. प्रोपेलर शाफ्ट नवा बनवून बॅलन्स करून घेतल्याशिवाय गाडी सुरू करू नये. तो तुमच्या मांडीपासून वीतभर अंतरावर फिरणार आहे. टायरही इकोचे एलटी (हलक्या मालवाहू गाडीचे) नकोत, त्यांच्या कडक भिंती ५०० किलोच्या गाडीला उड्या मारायला लावतात. १५५/६५ आर१३ सहज मिळतो.

ब्रेकमध्ये बहुतेक जण एकच चूक करतात. डोनरवर मागच्या भारानुसार दाब बदलणारा व्हॉल्व्ह असतो, तो तसाच नव्या गाडीत बसवतात. वजनाची वाटणी बदलल्यावर त्याचं मोजमाप निरर्थक होतं, मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी गरकन फिरते. तो काढा, मागच्या लाइनवर हाताने जुळवता येणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह लावा आणि मोकळ्या जागेत, कमी वेगाने, पुढची चाकं आधी लॉक होईपर्यंत दाब कमी करत या.

रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी कमान) हा दिखाऊ दागिना नव्हे. मुख्य कमानीसाठी एफआयएचं (मोटार शर्यतींची आंतरराष्ट्रीय संघटना) माप ४५×२.५ मिमी किंवा ५०×२ मिमी, कोल्ड ड्रॉन सीमलेस नळी, थंड वाकवलेली. नळाच्या दुकानातला जीआय पाइप शिवलेला असतो आणि शिवणीवर फाटतो.

थंडावा नागपुरात वेगळाच विषय आहे. सेव्हनच्या नाकाचं तोंड लहान, जिप्सीचा रेडिएटर त्यात मावत नाही. लहान गाडीचा रेडिएटर तिरका बसवा, पण नाकाचं तोंड आणि रेडिएटर यांमधली फट ॲल्युमिनियमच्या पत्र्याने चहूबाजूंनी बंद करा. ती उघडी ठेवली तर हवा सोपा रस्ता धरते, रेडिएटरला वळसा घालून जाते, आणि पंखा कितीही मोठा लावला तरी काटा चढतोच. पेट्रोल आता २० टक्के इथेनॉलचं आहे, तेव्हा रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घ्या आणि फायबरग्लासची टाकी टाळा. इथेनॉल पॉलिएस्टर रेझिनला मऊ करतं.

फायबरचं काम वर्षाच्या चक्रात बसवा. लेअप, म्हणजे काचेच्या कापडाचे थर रेझिनने चढवण्याचं काम, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. एक किलो पॉलिएस्टर रेझिनला १० ते २० ग्रॅम हार्डनर. ऊन वाढलं की १० कडे या, पण त्याखाली जाऊ नका, नाहीतर थर कायमचा अर्धा कच्चा राहतो. हार्डनर आणि कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट करणारं द्रव्य) एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये ढवळून मगच हार्डनर. तयार बॉडी चेसिसवर बोल्टने कसून एप्रिल-मेचं ऊन खाऊ द्या. जे आकसायचं ते तेव्हाच आकसतं आणि आतल्या कापडाच्या विणीची नक्षी वर यायची ती तेव्हाच येते. मग घासा. पावसाळ्याच्या दमट हवेत रंग पांढुरका पडतो, म्हणून रंग दसऱ्यानंतर. काळा आणि गडद निळा टाळलेला बरा. पांढरा, पिवळा किंवा संत्र्याचा रंगही उन्हात तापतो, पण त्यावर नक्षी दिसत नाही, आणि ते पुरेसं आहे.

गाडी उभी राहिली की कळमना किंवा वाडीकडच्या धरमकाट्यावर ट्रेलरने न्या. चालक आत बसवून, टाकी अर्धी भरून, आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी. पुढचा वाटा निम्म्याच्या आसपास आला तर स्प्रिंगा त्याच हिशोबाने मागवा. साठ टक्क्यांवर गेला तर आधी बॅटरी उचलून मागच्या ॲक्सलजवळ न्या आणि पुन्हा तोला. स्प्रिंगांची ऑर्डर त्यानंतरच.